मेणाचा गोळा

ईस्टर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अगदी खरं सांगा. गुड फ्रायडेची सुट्टी, तिला चिकटून शनिवार-रविवार, म्हणजे अलिबाग नाहीतर महाबळेश्वर! फार तर वांद्र्याच्या एखाद्या बेकरीतलं मार्झिपानचं अंडं, वर साखरेचं गुलाबी फूल काढलेलं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आंटी दरवर्षी असं एक अंडं घरी पाठवायच्या आणि आम्ही भावंडं ते सुरीने मोजून-मापून कापायचो. ईस्टरशी माझा संबंध एवढाच. त्यामुळे माद्रिदच्या ऑफिसात ऑनसाइट असताना आमच्या टीममधल्या एकीने जानेवारीतच मार्च-एप्रिलमधल्या एका आठवड्याची रजा टाकून ठेवली, तेव्हा मला काही कळेना. नेमकं त्याच आठवड्यात प्रॉजेक्टचं गो-लाइव्ह होतं. मी बॉसकडे कुरकुर केली. बॉस म्हणाला, "तिला विचारूसुद्धा नकोस. ती सेव्हिलची आहे."

गो-लाइव्ह पुढे ढकललं गेलं. मग मीही रजा टाकली आणि तिच्या मागोमाग सेव्हिलला गेलो.

माद्रिदहून सेव्हिल हायस्पीड ट्रेनने साधारण अडीच तास. १९९२ साली स्पेनमधली पहिली हायस्पीड लाइन याच दोन शहरांमध्ये सुरू झाली. स्टेशनबाहेर पडलात की पहिला धक्का वासाचा. सेव्हिलच्या रस्त्यांवर संत्र्याची झाडं आहेत, आपल्याकडे गुलमोहर असतात तशी, फुटपाथवर, रांगेत. फळ कडू, मार्मलेडच्या लायकीचं. पण वसंतात ती फुलतात आणि सगळं शहर मोगऱ्याच्या चुलत भावासारखं घमघमायला लागतं. त्यात या आठवड्यात चर्चमधल्या धुपाचा वास मिसळतो आणि जळत्या मेणाचा. तीन वास एकत्र. तिथल्या माणसाला डोळे बांधून उभं केलं तरी तो सांगेल, सेमाना सांता आला. सेमाना सांता म्हणजे पवित्र सप्ताह, ईस्टरच्या आधीचा रविवार ते ईस्टरचा रविवार.

तारीख दरवर्षी बदलते, कारण हिशेब चंद्राचा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, तो ईस्टर. म्हणजे बहुतेक वेळा आपली चैत्री पौर्णिमाच की! २०२६ मध्ये त्यांचा पवित्र गुरुवार आणि आपली हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला. २०२७ चा ईस्टर मात्र २८ मार्चला, होळीच्या पौर्णिमेनंतरचा. मुद्दा असा की या आठवड्यातल्या मिरवणुकांवर जवळजवळ पूर्ण चंद्र असतोच. ढग नसले तर. हे 'ढग नसले तर' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी पोचलो तो दिवस झावळ्यांच्या रविवारचा. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. या दिवशी अंगावर काहीतरी नवं हवंच, निदान मोजे तरी, असा सेव्हिलचा दंडक. नवं घालणार नाही त्याचे हात गळून पडतील, अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्यात. आपल्या पाडव्यासारखंच म्हणा ना. टाय लावलेले बाबा, फ्रॉकला इस्त्री केलेल्या मुली, जेल लावून भांग पाडलेले चार वर्षांचे बाप्ये, सगळं शहर नटून रस्त्यावर.

आणि मी शोधत होतो चॉकलेटची अंडी. एक दिसेल तर शपथ! दुकानाच्या काचेत दोन-चार होती, पण त्यांना भाव नव्हता. चॉकलेटची अंडी लावलेला 'मोना' नावाचा केक तिकडे कॅटलोनिया, व्हॅलेन्सियाकडचा. सेव्हिलच्या पोरांचा खाऊ वेगळा. शिळा पाव दुधात नाहीतर वाइनमध्ये भिजवायचा, अंड्यात बुडवायचा, ऑलिव्ह तेलात तळायचा आणि मधात लोळवायचा. हे तोर्रिहा. उपवासाच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य, मग पोट भरायला आणि पाव वाया जाऊ नये म्हणून काढलेली युक्ती. आज ती शहरातल्या प्रत्येक बेकरीच्या काचेत मांडलेली असते. शाही तुकड्याची गरीब बहीण समजा. पण हा खाऊ झाला घरातला. सेव्हिलच्या पोरांना खरं वेड रस्त्यावर मिळणाऱ्या खाऊचं, आणि तो देतात टोकदार टोप्यांतली माणसं.

तुम्ही फोटो पाहिले असतील. उंच शंकूसारखी टोपी, तोंडावर कापड, डोळ्यांपुरती दोन भोकं, पायघोळ झगा, हातात मेणबत्ती. पहिल्यांदा पाहताना आपल्याला अमेरिकेतले ते कू क्लक्स क्लानवाले आठवतात आणि अंगावर काटा येतो. पण त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. क्लान एकोणिसाव्या शतकातलं, ही टोपी त्याच्या कितीतरी आधीची. तिचं नाव कापिरोते, घालणारा नासारेनो. तो पश्चात्ताप करायला निघालेला असतो आणि पश्चात्ताप जगाला दाखवायचा नसतो, म्हणून तोंड झाकलेलं. आत बँकेचा मॅनेजर आहे की टॅक्सी ड्रायव्हर, कळायला मार्ग नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात भारी गोष्ट. आपण एका रक्तदानाचा फोटो दहा जणांना पाठवतो, हे लोक बारा तास चालतात आणि चेहरा दाखवत नाहीत.

तर हा भुतासारखा दिसणारा माणूस मिरवणुकीत चालता चालता मध्येच थांबतो, झग्यात हात घालतो आणि फुटपाथवरच्या पोराच्या हातावर एक गोळी ठेवतो. लिमलेटच्या गोळीसारखी साधी गोळी. पोरं अजिबात घाबरत नाहीत. उलट हात पसरून पहिल्या रांगेत बसतात. पण गोळीपेक्षा मोठी कमाई मेणाची. प्रत्येक पोराच्या हातात चांदीच्या कागदाचा गोळा असतो. नासारेनो थांबला की पोर विचारतं, "मेण देता का?" तो आपली लांब मेणबत्ती तिरपी करतो. टप, टप, टप. पोर गोळा फिरवत राहतं. पुढचा नासारेनो, पुन्हा टप टप. गोळा असा एकेका थेंबाने वाढतो, आणि एका वर्षात संपत नाही. पुढच्या वर्षी कपाटातून तोच काढायचा आणि त्याच्यावर नवं मेण चढवायचं.

माझ्या सहकारणीकडे तिचा गोळा अजून आहे. नारळाएवढा! तिने तो माझ्या हातात दिला तेव्हा वजनाने मी दचकलोच. पांढरं मेण, मध्ये लालसर, जांभळट, असे थरावर थर. "हा सात वर्षांची असतानाचा," ती एका थरावर नख ठेवून म्हणाली. मग एके वर्षी तिने मेण मागणं सोडलं, कारण ती स्वतः मेणबत्ती धरून चालायला लागली.

हे चालणं असतं आपापल्या एर्मान्दादबरोबर. एर्मान्दाद म्हणजे बंधुसंघ. आपल्या गणेश मंडळाचा चुलत भाऊ, पण काहींचा इतिहास चार-पाचशे वर्षांचा. सेव्हिलमध्ये या आठवड्यात मिरवणूक काढणारे साठाहून जास्त संघ आहेत. मूल जन्मलं की आजोबा आधी त्याचं नाव संघात घालतात, मग बाकीचे कागद. तिचंही तसंच. मजा म्हणजे एरवी ती चर्चची पायरीसुद्धा चढत नाही, पोपचं नाव काढलं तर नाक मुरडते. मी विचारलं, मग हे कसं? ती म्हणाली, "हे चर्चचं नाही, हे माझ्या घराचं आहे." बायकांना मात्र हे घर सहज उघडलं नाही. तिच्या आजीने आयुष्यभर झगे शिवले, स्वतः कधी घातला नाही. शहरातल्या काही जुन्या संघांत बायकांना झगा घालून चालायची परवानगी नव्हतीच. २०११ मध्ये तिथल्या आर्चबिशपांनी हुकूम काढून सगळ्या संघांना ते बंधनकारक केलं, तेव्हा कुठे शेवटची दारं उघडली.

आणि तिचे बाबा? ते कोस्तालेरो होते.

मिरवणुकीचा जीव असतो पासो. लाकडाचा प्रचंड मखर, त्यावर कोरीव सोनेरी नक्षी, शेकडो मेणबत्त्या, फुलं आणि मूर्ती. एकावर येशू, दुसऱ्यावर चांदीच्या खांबांच्या छताखाली उभी मेरीमाता, गालांवर काचेचे अश्रू. हे सगळं चालतं कसं? चाकं नाहीत, ट्रॅक्टर नाही. कडेने मखमली पडदा सोडलेला असतो आणि पडद्याच्या खाली फक्त पायांच्या रांगा दिसतात. आत तीस-चाळीस माणसं, काळोखात, मानेच्या मणक्यावर आडवा वासा घेऊन. डोक्यावर गुंडाळलेल्या कापडाला कोस्ताल म्हणतात, म्हणून हे कोस्तालेरो. एकेकाच्या वाट्याला साधारण चाळीस किलो. समोरचं काही दिसत नाही. बाहेर चालणारा मुकादम डोळे होतो. तो पुढच्या बाजूला बसवलेला धातूचा हातोडा ठोकतो, सगळे कंबर वाकवून तयार. पुन्हा ठोका, आणि एक-दीड टनाचा मखर एका उडीत हवेत! चांदीचे खांब किणकिणतात, मेणबत्त्या थरथरतात आणि रस्त्यावरचा माणूस नकळत श्वास रोखतो.

पूर्वी हे काम गोदीतले हमाल पैसे घेऊन करायचे. १९७३ मध्ये विद्यार्थ्यांच्या संघाने पहिल्यांदा आपल्याच सभासदांच्या खांद्यावर पासो नेला आणि बघता बघता मजुरीचं काम मानाचं झालं. आता या जागेसाठी वेटिंग लिस्ट असते. महिनाभर आधीपासून रात्री दहानंतर, ऑफिसं सुटल्यावर, हे लोक रिकाम्या सांगाड्यावर वजन ठेवून गल्लीबोळांतून तालीम करतात. माझ्या सहकारणीच्या बाबांच्या मानेवर अजून एक टेंगूळ आहे, सुपारीपेक्षा मोठं. त्यांनी कॉलर मागे ओढून मला ते अभिमानाने दाखवलं, जसं कोणी मेडल दाखवावं. कोस्तालेरोचं वय सरल्यावर ते नासारेनो म्हणून चालायला लागले. आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झालं तेवढं पुरे. म्हणून हे त्यांचं शेवटचं वर्ष, आणि मुलीने मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा मागून घेतली होती. बाप-लेक पहिल्यांदाच एका ओळीत चालणार होते.

बुधवारी त्यांचा संघ निघणार होता. सकाळी ऊन. दुपारी तिच्या घरी पालक आणि चण्याची रस्साभाजी जेवलो. (शाकाहारी मंडळींनो, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस हे नाव पाठ करा. त्यावर आठवडा निघतो.) आईने दोघांचे झगे इस्त्री करून खुर्च्यांवर टाकले होते. दोन किलो गोळ्या वाटून घेतल्या. पण टीव्हीवर एकच गोष्ट चालू होती, हवामान. सेव्हिलमध्ये या आठवड्यात शेअर बाजार कोसळला तरी कोणी मान वर करणार नाही, पण रडारवरचा हिरवा ठिपका वेल्वाच्या दिशेने सरकला की सगळ्या घरात शांतता. तीनला दोन्ही झगेवाले चर्चकडे निघाले. नियम असा की टोपी घालून सर्वात जवळच्या रस्त्याने जायचं, कोणाशी बोलायचं नाही. मी दहा पावलं मागे.

साडेचारला पाऊस आला. आपल्यासारखा नाही हो, भुरभूर. आपण अशात छत्रीसुद्धा उघडत नाही. पण आत तीन-चारशे वर्षांची रंगवलेली लाकडी मूर्ती, सोन्याच्या तारेने भरलेली मखमल. एक सर आली तरी भरून न येणारं नुकसान. संघाची कार्यकारिणी आतल्या खोलीत, हवामान खात्याला फोनवर फोन. अर्ध्या तासाची मुदत मागून घेतली. मग आणखी अर्धा तास. बाहेर चौकात हजारभर माणसं छत्र्या मिटून उभी, मूर्ती निघाली तर मागच्याला दिसावी म्हणून. मी जनतेच्या दाराने आत शिरलो होतो. झग्यातल्या माणसांच्या रांगा लागलेल्या, मेणबत्त्या विझलेल्या. शेवटी एक गृहस्थ माइकवर आले. त्यांना वाक्य पूर्ण करता आलं नाही. त्याची गरजही नव्हती.

मी आयुष्यात इतक्या पुरुषांना एकत्र रडताना पाहिलं नव्हतं. कोस्तालेरो, दंडाला दंड लावलेले दांडगे पंचविशीतले पोरगे, डोक्याची कापडं हातात घेऊन एकमेकांच्या गळ्यात पडून हुंदके देत होते. चिडचिड नाही, कोणाला शिव्या नाहीत. वर्षभराची तयारी, आणि पुढची संधी पुढच्या वर्षी. तारीख बदलून उद्या काढू, असं इथे नसतं. प्रत्येक संघाचा वार ठरलेला, तो गेला की गेला. हे काही विरळा नाही. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पवित्र गुरुवारच्या रात्रीच्या सगळ्याच्या सगळ्या मिरवणुका पावसाने रद्द झाल्या. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तर कोव्हिडमुळे रस्ते ओसच होते.

बाबांनी टोपी काढली होती. चेहरा ओला होता, पण आवाज साधा. मला म्हणाले, "तू एवढ्या लांबून आलास आणि बघ." म्हणजे वाईट कोणाला वाटावं! मुलगी काही बोलली नाही. मग तिने झग्यातल्या गोळ्या बाहेर काढल्या, कारण दार उघडलं होतं आणि मूर्तीला नमस्कार करायला लोक पोराबाळांसकट आत यायला लागले होते. एका चिमुरडीने चांदीच्या कागदाचा गोळा पुढे केला. मेणबत्ती तर पेटलेलीच नाही. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या समईसारख्या दिव्यावर आपली मेणबत्ती पेटवली, गुडघा धरत खाली वाकले आणि टप, टप, टप. मग दुसरं पोर आलं. मग रांगच लागली.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन निघालं. गुरुवारची रात्र ते शुक्रवारची सकाळ, तिला मद्रुगा म्हणतात, ती मला पूर्ण मिळाली. सहा संघ रात्रभर रस्त्यावर. आधी एल सिलेन्सियो, नावाप्रमाणे मौन. काळे झगे, हजारो माणसं आणि फक्त पावलांचा आवाज. त्यानंतर ग्रान पोदेर, हुआन दे मेसाने १६२० मध्ये कोरलेला क्रूस वाहणारा येशू. कोणतंही बँड नाही, चेहरा इतका थकलेला की बघवत नाही. माझ्या शेजारचा टॅटूवाला पोरगा, ज्याने आत्तापर्यंत चार बिअर रिचवल्या असतील, त्याने सिगारेट विझवली आणि छातीवर क्रूस काढला. बाल्कनीतून एका बाईने सायेता म्हणायला घेतली. फ्लॅमेन्कोच्या गळ्याची, साथीशिवायची आर्त हाक. पासो तिच्यासाठी थांबला. गाणं संपल्यावर टाळ्या नाहीत, एक 'ओले' फक्त, तेही पुटपुटल्यासारखं.

आणि मग मकारेना! इथे शोक गळून पडतो. रोमन सैनिक पांढरी पिसं हलवत येतात, बँड वाजतो, वरून पाकळ्यांचा पाऊस पडतो आणि लोक मेरीमातेला ओरडून काय म्हणतात माहितीये? "ग्वापा!" म्हणजे, काय सुंदर दिसतेस गं! देवाच्या आईला असं लाडाने हाक मारणारे लोक मला लगेच आपले वाटले. तिच्या छातीवरचे हिरवे खडे होसेलितो या बुलफायटरने दिलेले. १९२० मध्ये तो बैलाच्या शिंगाने गेला तेव्हा तिला काळे कपडे नेसवले होते. आणि २०२५ च्या जूनमध्ये साफसफाईनंतर तिच्या पापण्या वेगळ्या दिसायला लागल्या, तर शहरात असा गदारोळ झाला की संघाला जाहीर माफी मागावी लागली. आई आहे, चेहरा बदललेला कळणारच.

गर्दीचं मात्र सांभाळा. २००० आणि २०१७ च्या मद्रुगात पळापळ झाली होती. अरुंद गल्लीच्या टोकाला उभं राहू नका, घडीचं स्टूल नेऊन वाट अडवू नका आणि हॉटेल सहा महिने आधी बुक करा, नाहीतर कोर्दोबात राहून ट्रेनने या. कॅथीड्रलकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरच्या खुर्च्या भाड्याच्या, आणि बहुतेक पिढ्यानपिढ्या राखीव. त्यांच्या नादी लागूच नका. त्रियानाचा पूल गाठा. शुक्रवारी उन्हं चढल्यावर त्रियानाची एस्पेरान्सा रात्रभर फिरून नदीपलीकडे घरी परतते. कोस्तालेरोंचे पाय सुजलेले, मेणबत्त्या संपलेल्या, आणि तरी पूल नाचतो.

ईस्टरचा रविवार मला फसवून गेला. एवढा आठवडा दुःखात घालवल्यावर पुनरुत्थानाला काय जल्लोष असेल! तर कसलं काय. एक मिरवणूक सकाळी निघाली, गर्दी बेताची. बरेच लोक झोपले होते, काही बुलफाइटच्या तयारीत, कारण रिंगणाचा मोसम याच दिवशी सुरू होतो. सेव्हिलला येशू उठल्याचा आनंद आहेच, पण जीव त्याच्या आईत अडकलेला आहे, असं माझं आपलं मत.

दुपारी सहकारीण मला स्टेशनवर सोडायला निघाली. मागच्या सीटवर बाबा. पहिल्याच वळणावर गाडीचे टायर किंचाळले. मी घाबरून हँडल धरलं. दोघं हसायला लागली. हजारो मेणबत्त्यांचं मेण आठवडाभर रस्त्यावर गळलेलं असतं, महापालिका गरम पाण्याने ते धुऊन काढेपर्यंत सेव्हिलच्या गाड्या वळणावर अशाच किंचाळतात. पुढच्या चौकात बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, जरा हळू घे, ऐकू दे.